उजवीकडे वळलं की गार

गाडीच्या एसीच्या पडद्यावर बावीसचा आकडा होता आणि जाळीतून गरम वाफ येत होती. अनंतरावांनी बटण दाबून बावीसचे वीस केले, वीसचे अठरा केले. आकडा आज्ञाधारकपणे खाली आला, हवा मात्र होती तशीच राहिली. डॅशबोर्डच्या पोटात कट-कट-कट असा आवाज झाला आणि थांबला. एसीचा गॅस भरून घेऊन ते दुकानातून निघाले होते आणि अजून पहिला सिग्नलसुद्धा आला नव्हता.

"निर्लज्ज आहे," ते म्हणाले. हे गाडीला म्हणाले की गॅसवाल्याला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोघांनाही लागू होतं.

गाडी जुनी. घेतली तेव्हा या आपोआप चालणाऱ्या एसीचं केवढं कौतुक होतं. आपण फक्त आकडा सांगायचा, गार किती आणि गरम किती मिसळायचं ते गाडी तिचं ती बघून घेणार. अनंतराव तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. ओळखीच्या माणसाला गाडीत बसवायचं आणि "बाहेर जैसलमेर, आत महाबळेश्वर" असं ऐकवायचं, हा त्यांचा तेव्हाचा छंदच होता. आता बाहेर बिबवेवाडीचा मे महिना होता आणि आतही तोच होता.

बरं, नुसत्या उकाड्याचा प्रश्न असता तर काचा खाली करून, दोन-चार शेलकी विशेषणं वापरून माणसाने उन्हाळा काढला असता. प्रश्न हेमाताईंचा होता. अनंतरावांच्या या पत्नीला नसांचा एक हट्टी आजार होता. त्याचं डॉक्टरांनी दिलेलं नाव लांबलचक होतं, पण वागणूक सोपी होती. अंग तापलं की पाय ऐकेनासे व्हायचे. दुखायचे नाहीत, सुजायचे नाहीत, फक्त हे आपले पायच नव्हेत असं वागायचे. गारव्यात थोडा वेळ बसल्या की परत यायचे, पण थोडाच वेळ टिकायचे. म्हणजे हेमाताईंना उन्हाळ्यात कुठे जायचं तर एसी हा चैनीचा भाग नव्हता. त्यांचे पाय त्या एसीवर चालत होते.

आणि टॅक्सीचा प्रयोग झाला होता. मार्चमध्ये दवाखान्याला जाताना टॅक्सीवाल्याने स्वारगेटच्या आधीच "एसी बंद आहे" म्हणून काचा उघडल्या. उतरायची वेळ आली तेव्हा हेमाताईंना उभंच राहता येईना. शेवटी दवाखान्याच्या दोन रखवालदारांनी त्यांना काखेत धरून, रांगेतल्या सगळ्या लोकांसमोरून आत नेलं. एक चप्पल फरशीवर राहिली. ती उचलून अनंतराव मागून चालले होते. घरी आल्यावर हेमाताई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा मला असं कुणी न्यायचं नाही. चालत जाता येईल तिथेच मी जाणार." आणि त्यानंतर त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या.

आता परवा अवनीचं लग्न होतं. अवनी ही हेमाताईंची भाची, भावाची मुलगी. पाळण्यात घातली तेव्हा तिच्या कानात नाव सांगणारी आत्या म्हणजे हेमाताई. कार्यालय धायरीला, मुहूर्त भर दुपारचा. असे मुहूर्त काढणाऱ्यांना एकदा त्याच उन्हात उभं करायला पाहिजे, असं अनंतरावांचं स्पष्ट मत होतं. अवनीचा भाऊ सौमित्र म्हणाला होता की आत्याला आमच्याबरोबर सकाळी लवकर घेऊन जातो. पण सकाळपासून दुपारपर्यंत हेमाताई टिकल्या नसत्या. त्यांना घरातून निघून, गार गाडीतून थेट दारात उतरून, आपल्या पायांनी मांडवात जायचं होतं, आणि उभं राहून अक्षता टाकायच्या होत्या. नाहीतर जायचं नव्हतं.

"व्हीलचेअर घ्या ना बाबा," मुलगी अस्मिता बेंगळुरूहून फोनवर म्हणाली. "तिथे रॅम्प आहे, मी विचारलंय. आणि ती गाडी विका आता. किती वर्षं तिला कुरवाळणार?"

"तुझ्या आईला सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मी तिच्याशी लग्न केलंय, माझी हिंमत होत नाही."

अस्मिता हसली नाही. अनंतरावही हसले नव्हते. ते थकले होते. हेमाताईंच्या पायात रात्री गोळे येत, ते उठून पाय चोळून देत, मग पुन्हा झोप लागत नसे. सकाळी चहा, दुपारी कुकर, संध्याकाळी व्यायाम, आणि या सगळ्याच्या मधल्या फटीत गाडी. आधी एका दुकानात गॅस भरला. दुसऱ्याने गार हवेची कॉइल धुतली, फिल्टर बदलला आणि वर पुन्हा गॅस भरला. तिसऱ्याने काहीही न बघता गॅस भरला. या शहरात एसीच्या मेकॅनिकला गॅस सोडून दुसरं काही सुचत असेल तर ते त्याने अनंतरावांपासून लपवून ठेवलं होतं.

"अहो, एक सांगू का?" हेमाताई जेवताना म्हणाल्या. "मार्चमध्ये आपली गाडी बिघडायला लागली ना, तेव्हा मी बघितलं होतं. उजवीकडे वळलं की गार यायचं. थोडा वेळ. मग डावीकडे वळलं की पुन्हा गरम."

"छान. मग आपण धायरीला उजवीकडेच वळत वळत जाऊ. दिवाळीपर्यंत पोचू."

"मी गंमत नाही करत."

"मी पण नाही. अगं, हवेला उजवं-डावं नसतं. मी तेहतीस वर्षं वारे शिकवलेत."

हेमाताई ताट बाजूला सारून म्हणाल्या, "उद्या तुम्ही त्या गॅरेजवाल्या योगेशकडे जाणार आहात ना? मी येणार बरोबर."

"तिथे शेडमध्ये मरणाचं उकडतं."

"सकाळी लवकर जाऊ. ओला टॉवेल घेते."

सकाळी निघण्याआधी त्यांनी देवघरापाशी खुर्चीवर बसून नेहमीप्रमाणे देवांना हळदकुंकू वाहिलं. ताम्हणात एक सुपारी होती, ती गाडीची. गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा तिला गणपती म्हणून मांडलं होतं, आणि तेव्हापासून ती घरात आली होती. "गाडीच्या गणपतीला सांगितलंय," हेमाताई म्हणाल्या. "आज काम होईल." अनंतराव किल्ली शोधत होते. किल्ली त्यांच्या हातातच होती, तरी ते शोधत राहिले.

योगेशचं गॅरेज त्यांच्या सोसायटीमागच्या गल्लीत होतं. योगेश यवतमाळकडचा, पुण्यात येऊन बरीच वर्षं झालेली, तरी गावाकडचं बोलणं त्याने सोडलं नव्हतं. डोळे तारवटलेले, लग्नसराईच्या गाड्यांनी बेजार झालेला. त्याने बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि पाइपला हात लावून बघितला.

"गॅस थोडा भराव लागन, काका."

"त्यात आता गॅसच गॅस आहे," अनंतराव म्हणाले. "गाडी विमानासारखी उडायची बाकी आहे. तू दुसरं काहीतरी सांग."

योगेशने पुन्हा पाइपला हात लावला. पाइप गारेगार होता, त्यावर दव आलं होतं. त्याने डोकं खाजवलं. "इथं थंड हाय, आत गरम. म्हणजे आतमधी कुठंतरी गरम हवा मिसळून राहिली. तिथं एक झडप असते जी. ती पूर्ण लागत नसन."

"का लागत नाही?"

"आता ते खोलल्याशिवाय कसं सांगू."

हेमाताई पुढच्या सीटवर दार उघडं ठेवून बसल्या होत्या, मानेवर ओला टॉवेल. त्यांनी हाक मारली. "योगेश, तू एकदा गाडी चालव. मी बसते. उजवीकडे जोरात वळव."

अनंतरावांनी आकाशाकडे पाहिलं. योगेशने अनंतरावांकडे पाहिलं. पण बाईमाणूस सांगतंय आणि फुकट सांगतंय, म्हणून तो बसला. मागच्या सीटवर अनंतरावही बसले. गल्लीच्या टोकाला मोकळं मैदान होतं, तिथे योगेशने उजवीकडे गोल मारला. डॅशबोर्डच्या आत काहीतरी टणकन घरंगळलं, कट-कट थांबलं, आणि जाळीतून हवा आली. गार. हेमाताईंच्या कपाळावरची बट हलली. मग त्याने डावीकडे गोल मारला, पुन्हा टण झालं आणि पुन्हा वाफ सुरू झाली.

"आत कायतरी फिरून राहिलं," योगेश म्हणाला. "झडपीच्या फटीत येऊन बसते. ती मोटर बिचारी ढकलते, ढकलते, थकून जाते."

कुणी अनंतरावांकडे पाहिलं नाही. हेमाताईंनी तर मुद्दामच नाही पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांनी आता जिंकलेल्या वादात बोट घालायचं सोडून दिलं होतं.

गॅरेजमध्ये परत आल्यावर योगेशने खरी अडचण सांगितली. समोरचा खण काढायचा, पंखा काढायचा, मग हीटरच्या पेटीचं झाकण. गाडी जुनी, प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं. एखादी खुंटी तुटली किंवा पेटीलाच तडा गेला तर आज-उद्यात सामान मिळायचं नाही, आणि गाडी लग्नाच्या दिवशी अशीच पोट उघडं टाकून इथे उभी राहील. "मंग मले बोलू नका," तो म्हणाला.

अनंतराव स्टुलावर बसले. न खोलावं तर निदान गाडी चालत तरी होती. पहाटे गार असताना निघून, कार्यालयातल्या एखाद्या एसीच्या खोलीत हेमाला बसवून ठेवता आलं असतं. टिकली तर टिकली. खोलावं आणि मोडावं तर तेही नाही. रखवालदारांच्या काखेतून जाणारी हेमा त्यांना दिसली, फरशीवरची चप्पल दिसली. निर्णय घ्यायचासुद्धा त्यांना कंटाळा आला होता. कुणीतरी येऊन सगळं ठरवून टाकावं, आपण फक्त आडवं व्हावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"खोल," हेमाताई म्हणाल्या.

"हेमा, मोडलं तर?"

"मोडलं तर नाही जाणार. पण तिथे जाऊन मला कुणी उचललं तर मी तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाही. खोल रे तू."

योगेशने खण काढला. पंखा काढला. एक खुंटी तुटलीच. "ही चालते," असं तो स्वतःशीच म्हणाला. मग झाकण सैल करून त्याने हात कोपरापर्यंत आत घातला, चेहरा दुसरीकडे वळवून, डोळे मिटून चाचपत राहिला. वाळकी झेंडूची पाकळी निघाली. तांदळाचे दोन दाणे निघाले. मग त्याने मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर एक सुपारी होती. धुळीने माखलेली, पण एका बाजूला कुंकू अजून लाल होतं.

योगेशने ती आधी कपाळाला लावली आणि मग म्हणाला, "हा घ्या तुमचा देव, काका."

डॅशबोर्डवर पुढच्या काचेखाली असलेल्या जाळीच्या दोन पट्ट्या पूर्वीच तुटलेल्या होत्या. दसऱ्याला ऊन फार म्हणून हेमाताईंना खाली उतरवलं नव्हतं, तेव्हा त्या गॅलरीतून फोनवर सांगत होत्या आणि अनंतराव, ज्यांनी जन्मात कधी गाडीला हळदकुंकू वाहिलं नव्हतं, ते कुरकुरत करत होते. बॉनेट उतरतं, विडा घसरतो, म्हणून त्यांनी विडा-सुपारी आत डॅशबोर्डवर, काचेला टेकवून मांडली. वर अक्षता टाकल्या, झेंडू टाकला. दुसऱ्या दिवशी पान होतं, सुपारी नव्हती. थंडीत एसी कोण लावतंय, त्यामुळे ती कुठे गेली ते गाडीनेही लगेच सांगितलं नाही.

हेमाताईंनी सुपारी हातात घेतली. पदराने पुसली.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "मग देवघरात आहे ती कोण?"

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "डब्यातली," ते म्हणाले. "तू विचारलंस, गाडीतला गणपती वर आणला का. मला सापडेना. तू काळजी करत बसली असतीस. म्हणून मसाल्याच्या डब्यातली आणून ठेवली."

"आणि मी इतके महिने तिला कुंकू लावतेय."

"तिचं काही बिघडलं नाही त्यात."

योगेश तोंड फिरवून उगाच अवजारांच्या पेटीत पाने शोधायला लागला. हेमाताईंचे खांदे हलले, आणि अनंतरावांना वाटलं की ही आता रडणार. पण त्या हसत होत्या. मार्चपासून त्या अशा हसल्या नव्हत्या, आणि त्या हसण्याने अनंतरावांना एकदम आपल्याला किती थकवा आलाय ते कळलं.

घरी गेल्यावर ताम्हणात दोन सुपाऱ्या झाल्या. तोतया काढून टाकू का, असं अनंतरावांनी विचारलं. "राहू दे," हेमाताई म्हणाल्या. "तिनेही सेवा करून घेतलीच आहे."

लग्नाच्या दिवशी सिंहगड रस्ता नेहमीप्रमाणे तुंबला होता. आकडा बावीस होता आणि गाडीत खरोखरचे बावीस होते. हेमाताई जांभळी पैठणी नेसून, मांडीवर काठी आडवी ठेवून, गार हवेत डोळे मिटून बसल्या होत्या. डावीकडे वळताना अनंतरावांचा जीव अजूनही वर-खाली व्हायचा. टण झालं नाही.

कार्यालयाच्या फाटकापाशी बेंगळुरूहून थेट तिथेच आलेली अस्मिता उभी होती, बाजूला घडी केलेली चाकाची खुर्ची. "इथे थांबायचं नाही काका, उतरवा आणि मागे मैदानात लावा," रखवालदार ओरडत होता. मागून हॉर्न सुरू झाले. हेमाताईंनी एक पाय बाहेर टाकला, काठी टेकवली, दुसरा पाय टाकला. अनंतरावांना पैठणीचा काठ दिसला, दार लागलं, आणि गाडी पुढे घ्यावी लागली. आरशात बघायला गेले तर आरशात फक्त एक टेम्पो होता.

मैदानात शेवटच्या टोकाला जागा मिळाली. तिथून मांडव बराच लांब होता. एक मिनिट बसू आणि मग जाऊ, असं अनंतरावांनी ठरवलं. एसी सुरू होता, अंगावर छान गार येत होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणी हाक मारत नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाल्याचं त्यांना ऐकू आलं की वाटलं, ते नंतर त्यांना आठवेना.

काचेवर टकटक झाली तेव्हा बाहेर हेमाताई होत्या. चेहरा लालबुंद, एक हात गाडीच्या टपावर, दुसऱ्या हातात काठी. लांबून अस्मिता खुर्ची ढकलत, खडीतून अडखळत येत होती. अनंतराव धडपडत उतरले, त्यांनी दार उघडलं आणि हेमाताई सीटवर कोसळल्यासारख्या बसल्या. पाय त्यांनी हातांनी उचलून आत घेतले.

"लागलं लग्न?"

"लागलं."

"गेलीस चालत?"

"गेले. दारातून मांडवापर्यंत. उभी राहिले शेवटपर्यंत. सगळे बघत होते." हेमाताईंनी श्वास घेतला. "तुम्ही सोडून."

ज्या एका गोष्टीसाठी अनंतरावांनी अर्धा उन्हाळा दुकानं पालथी घातली होती, ती झाली होती आणि ते घोरत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. "डोळा लागला गं," ते म्हणाले. "मला बघायचं होतं."

"माहितीये. अस्मिता म्हणाली, मी शोधून आणते बाबांना. म्हटलं नको, मी जाते." त्यांनी टॉवेल मागितला, अनंतरावांनी दिला. "शोधायला लागलं नाही. घोरणं बाहेर ऐकू येत होतं."

अस्मिता पोचली, घामाघूम. काही बोलणार तेवढ्यात हेमाताईंनी तिला हाताने थांबवलं, मागे बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आकडा बावीस. आतून कट-कट आली नाही, फक्त हवा येत होती. हळूहळू हेमाताईंच्या गालांवरचा लाल रंग उतरला. त्यांनी चपलेत अंगठा हलवून पाहिला, मग घोटा, मग गुडघा. पुन्हा एकदा अंगठा हलवला.

"अस्मिता, तू खुर्ची घेऊन पुढे हो आणि जेवायला बस," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "गाडी फाटकापाशी घ्या. आता गर्दी नाही, रखवालदार काही म्हणायचा नाही. मी उतरले की तुम्ही पण उतरा. हात द्यायचा नाही. मागे राहायचं आणि बघायचं."

गर्दी खरंच नव्हती. अनंतरावांनी गाडी फाटकात उभी केली, तशीच, चावी आत ठेवून. हेमाताईंनी एक पाय टाकला, काठी टेकवली, दुसरा पाय टाकला, आणि उभ्या राहिल्या. आतमध्ये पंगती बसल्या होत्या, मांडव रिकामा होता, खाली पडलेल्या अक्षतांवरून एक माणूस झाडू फिरवत होता. हेमाताई सावकाश, मान वर करून मांडवाकडे चालत गेल्या. त्यांची पर्स धरून अनंतराव मागे चालले होते आणि बघत होते.